आत्याची खतावणी आणि १.३८

"ताई, मी अर्थशास्त्रात एम.ए. करतेय. शेवटच्या सत्राच्या छोट्या प्रबंधासाठी 'माहिती तंत्रज्ञान आणि विकसनशील देशांची आर्थिक वाढ' हा विषय घेतलाय. ब्रॉडबँड दहा टक्क्यांनी वाढलं की वाढीचा दर १.३८ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक बँकेचं वाक्य सापडलं आणि वाटलं, झालं काम. घरी ऐकवलं तर आत्या हसायलाच लागली. तिची सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. म्हणाली, 'आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि काम दुप्पट झालं. आधी खतावणी लिहायची, मग तेच कॉम्प्युटरवर चढवायचं, मग दोन्हींचा मेळ घालायचा. कसली वाढ न् कसलं काय.' सर म्हणतात, घरच्या गोष्टी प्रबंधात आणू नकोस. पण त्या दिवसापासून माझं एक पान पुढे सरकलेलं नाही. आत्या चुकतेय की जागतिक बँक? – अडकलेली"

प्रिय अडकलेली,

तुझ्याशी अगंतुगं करते, वयाचा फायदा घेऊन. चुकत दोघींपैकी कुणीच नाहीये. पण ज्या आकड्यावर तू घर बांधायला निघालीस तो आधी ठोकून बघू, कारण परीक्षक तेच करणार आहेत.

तो आकडा जागतिक बँकेच्या २००९ सालच्या अहवालातला. १२० देशांची १९८० ते २००६ या काळातली आकडेवारी घेऊन काढलेला. शंभर माणसांमागे ब्रॉडबँडच्या जोडण्या दहाने जास्त असल्या, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरडोई उत्पन्नाच्या वाढीचा दर १.३८ टक्केबिंदूंनी जास्त दिसतो. श्रीमंत देशांत १.२१. टक्के आणि टक्केबिंदू यांत तू गल्लत केली आहेस, ती आधी दुरुस्त कर. वाढीचा दर ४ टक्के असेल तर तो ५.३८ होईल, असा या वाक्याचा अर्थ आहे. तू लिहिलंस तसं घेतलं तर तो ४.०५५ होतो. एवढ्यावर तोंडी परीक्षेत अख्खी दहा मिनिटं जाऊ शकतात, मी घेतलेली आहेत.

आता त्या आकड्याच्या आत डोकाव. २००६ साली विकसनशील देशांत ब्रॉडबँड होतं कुणाकडे? मूठभरांकडे. शंभरामागे दहा जोडण्या हे दृश्य तिथल्या बहुतेक देशांनी तोवर पाहिलेलंच नव्हतं. म्हणजे 'दहाने वाढ' ही त्या देशांच्या बाबतीत हातातल्या आकडेवारीच्या कुंपणापलीकडे मारलेली उडी आहे. दुसरी अडचण तुला पहिल्या सत्रातच शिकवली असणार: ज्या देशाकडे पैसा येतोय तोच देश जमीन खणून केबल टाकतो. मग केबल आली म्हणून पैसा आला, की पैसा होता म्हणून केबल आली? १२० देश एका रांगेत उभे करून हे सहजासहजी सुटत नाही. काहींनी चिकाटीने सोडवायचा प्रयत्न केलाय. रॉलर आणि वेव्हरमन या जोडीचा २००१ चा लेख बघ. दूरध्वनीचं जाळं विरळ असेपर्यंत फारसा फरक पडत नाही, ते जवळजवळ सगळ्यांपर्यंत पोचलं की मग वाढीवर खरा परिणाम दिसतो, असं त्यांना आढळलं. पण त्यांचे २१ देश श्रीमंतांच्या गटातले. तेव्हा १.३८ काढून टाकू नकोस, प्रस्तावनेत एका ओळीत ठेव आणि पुढे चल.

आता आत्या. तिच्या बाजूला एक नोबेलविजेता उभा आहे, हे तिला जरूर सांग. रॉबर्ट सोलो यांना आर्थिक वाढीच्या सिद्धांतासाठी १९८७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी एका पुस्तक परीक्षणात त्यांनी जाता जाता लिहून टाकलं की संगणकाचं युग जिकडेतिकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. आणि खरंच दिसत नव्हतं. अमेरिकेत कंपन्या संगणक घेत सुटल्या होत्या, आणि १९७३ पासून १९९५ पर्यंत कामाच्या तासामागचं उत्पादन वर्षाला दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळत होतं. १९९५ नंतर ते अडीच-तीन टक्क्यांवर गेलं. दहाएक वर्षं टिकलं आणि परत उतरलं.

हा उशीर का, याचं उत्तर पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये विजेच्या इतिहासातून दिलं. ते मला फार आवडतं, म्हणून जरा ऐसपैस सांगते. वाफेवर चालणारा जुना कारखाना डोळ्यांपुढे आण. एका टोकाला प्रचंड इंजिन. त्यातून निघून छताखालून गेलेला लांबच लांब लोखंडी दांडा. दांड्यावरून खाली लोंबणारे पट्टे, आणि एकेका पट्ट्याला जुंपलेलं एकेक यंत्र. कुठलं यंत्र कुठे बसणार हे दांडा ठरवणार, मग माल कितीही वेड्यावाकड्या वाटेने फिरो. एक यंत्र चालवायचं तरी सगळा दांडा फिरणार. वीज आली तेव्हा मालकांनी काय केलं? वाफेचं इंजिन उपटलं आणि त्याच जागी विजेची मोटार बसवली. दांडा तोच, पट्टे तेच. कोळसा थोडा वाचला, बस. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ चं. पण शतक संपत आलं तेव्हाही अमेरिकी कारखान्यांतल्या यंत्रशक्तीत विजेच्या मोटारींचा वाटा ५ टक्क्यांच्या आतच होता. खरी उडी १९२० च्या दशकातली. तोवर प्रत्येक यंत्राला स्वतःची लहान मोटार मिळत गेली, दांडा निघाला, त्याचं वजन पेलणाऱ्या जाड भिंतींची गरज उरली नाही, कारखाने एकमजली झाले आणि यंत्रं मालाच्या वाटेने मांडता आली.

आत्याची खतावणी म्हणजे तो दांडा. कॉम्प्युटर आला पण खतावणी निघाली नाही. बहुधा लेखापरीक्षक कागदावरचीच सही मागत असणार, साहेबांना पडद्यावरच्या बेरजेचा भरवसा नसणार, आणि 'उद्या मशीन बंद पडलं तर?' या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नसणार. मी स्वतः तीन वर्षं वर्गाची हजेरी दोन ठिकाणी भरलीय, रोज वहीत निळ्या शाईने आणि दर शनिवारी कॉम्प्युटरवर. त्या तीन वर्षांत माझ्या हातून शिकवून झालं तेवढंच झालं, तास मात्र जास्त गेले. उत्पादकता घटणं ते हेच. आत्याने ते आतून पाहिलंय. तेव्हा सरांचं म्हणणं अर्धंच ऐक: आत्याचा दाखला पुरावा म्हणून चालणार नाही हे खरं, पण प्रश्न कुठे शोधायचा हे तिने तुला फुकटात दाखवून दिलंय.

मग विकसनशील देशाचं वेगळं काय? श्रीमंत देशात बाजार आधीपासून जोडलेले होते. रस्ते, बँका, टेलिफोन, वर्तमानपत्रातले भाव, सगळं होतं. संगणकाने तेच काम स्वस्त केलं. गरीब देशात पुष्कळदा त्या जोडण्याच नसतात, आणि त्या नसल्यामुळे जे वाया जातं ते कुठल्याच हिशेबात दिसत नाही. तुझ्या प्रबंधाचा जीव मला इथे दिसतो.

एक सकाळ बघ. तारीख १४ जानेवारी १९९७, उत्तर केरळातला बडगरा किनारा. अकरा मच्छीमार तारली घेऊन आलेत आणि घ्यायला कुणी नाही. सगळ्यांनाच त्या दिवशी भरपूर मिळालीय. शेवटी त्यांनी मासळी फेकून दिली. आणि त्याच सकाळी, पंधरा किलोमीटरच्या आत, दुसऱ्या किनाऱ्यांवर सत्तावीस गिऱ्हाइकं मासळी हवी म्हणून उभी होती. मधे फक्त पंधरा किलोमीटर पाणी, पण समुद्रातल्या माणसाला ते कळायचं कसं? एका किनाऱ्यावर नाही खपली म्हणून होडी पुढच्या किनाऱ्याला न्यायची तर इंधन जाळायचं, आणि पोचेपर्यंत तिथला बाजार उठलेला. म्हणून प्रत्येक जण आपापल्या किनाऱ्यालाच जायचा. कुठे मासळी फुकट, कुठे सोन्याच्या भावाने, रोज.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी हा किनारा १९९६-९७ पासून २००१ पर्यंत आठवड्यामागून आठवडे मोजला आणि २००७ मध्ये लेख छापला. त्या वर्षांत तिथे मोबाइलचे मनोरे उभे राहिले. ते किनाऱ्यालगत असल्यामुळे समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत फोन लागायचा. मच्छीमार होडीतूनच दोन-तीन किनाऱ्यांना फोन लावू लागले आणि मग होडी कुठे वळवायची ते ठरवू लागले. साधारण एक तृतीयांश जण आपला किनारा सोडून दुसरीकडे विकायला लागले. आधी सरासरी ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची, ते जवळपास थांबलं. मच्छीमारांचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली.

हे आकडे पुन्हा वाच. विकणाऱ्याचा नफा वाढला आणि घेणाऱ्याचा खर्चही उतरला. आपल्या विषयात असं सहसा दिसत नाही, बहुतेकदा एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातं. इथे समुद्र तोच, होड्या त्याच, जाळी तीच, माणसं तीच, तरीही उत्पन्न वाढलं. भांडवल आणि श्रम न वाढता झालेली वाढ, जिला तुझ्या पाठ्यपुस्तकात 'एकूण घटक उत्पादकता' म्हणून एका अक्षरात कोंबलेलं असतं, ती प्रत्यक्षात कशी दिसते असं कुणी विचारलं तर मी हा किनारा दाखवते.

आणि पद्धतीकडे लक्ष दे, कारण तुझं १.३८ इथेच लंगडं पडतं. किनाऱ्याच्या वेगवेगळ्या भागांत मनोरे वेगवेगळ्या वर्षी लागले. ज्या भागात फोन आला तिथेच भावांचा गोंधळ थांबला, शेजारच्या भागात चालू राहिला. तिथे फोन आल्यावर तिथेही थांबला. केबल आधी की पैसा आधी, हा प्रश्न इथे बऱ्यापैकी निकालात निघतो.

पण लगेच टाळ्या नकोत. महाराष्ट्रातल्या १०० गावांत असाच एक प्रयोग झाला, २०१२ मध्ये छापून आला. काही शेतकऱ्यांना मोबाइलवर बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला देणारी एसएमएस सेवा वर्षभर मोफत दिली, काहींना दिली नाही, कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ज्यांना मिळाली त्यांच्या हाती पडलेल्या भावात सरासरीने नाव घेण्यासारखा फरक आढळला नाही. फोन इथेही होता आणि माहिती तर आयती हातात येत होती.

मग फरक कुठे? माझं मत सांगते, तू तपास. भाव कळणं आणि भाव मिळणं यांच्यामध्ये बरंच काही लागतं: माल न्यायला गाडी, घेतलेली उचल फिटलेली, दुसऱ्या बाजारात चार ओळखी, आणि 'आज नाही विकत' म्हणून थांबायची ताकद. मच्छीमाराकडे यातली एक गोष्ट जन्मजात होती. तो आधीच होडीत बसलेला होता, सुकाणू वळवलं की झालं.

शाळेत हेच वेगळ्या रूपात दिसतं. पेरूच्या सरकारने मुलांसाठी ८ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. आंतर-अमेरिकी विकास बँकेने ३१९ ग्रामीण शाळांत तपासणी केली तेव्हा, २०१२ च्या अहवालानुसार, गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा सापडली नाही. मुलं लॅपटॉप वापरत नव्हती असं नाही. पण मास्तर, धडे आणि वर्गाचा दिवस होता तसाच राहिला. पुन्हा दांडा.

यशाचं दुसरं मोठं उदाहरण केनियाचं, आणि ते घेतलंस तर त्यातली कंटाळवाणी बाजू वगळू नकोस. २००७ मध्ये तिथे एम-पेसा सुरू झालं, साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय. आधी शहरातला माणूस गावाला पैसे पाठवायचा तो स्वतः घेऊन जाऊन, नाहीतर बसचालकाच्या हाती पाकीट देऊन. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी वर्षानुवर्षं तीच कुटुंबं तपासली. २०१६ च्या लेखात त्यांचा अंदाज असा की या सोयीमुळे १ लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे देशातली सुमारे २ टक्के, अतिदारिद्र्यातून वर आली, आणि सुमारे १ लाख ८५ हजार बायका शेतीतून निघून धंद्याकडे वळल्या. सगळे लेख इथे थांबतात. कंटाळवाणी बाजू ही: देशभर एजंटांचं जाळं उभं करावं लागलं, ज्यांच्याकडे रोकड देऊन फोनवर पैसे घेता येतात आणि उलटही करता येतं. लोकांची रक्कम बँकेत विश्वस्त खात्यात वेगळी ठेवली. आणि मध्यवर्ती बँकेने 'आधी कायदा होऊ द्या' म्हणून अडवलं नाही, देखरेख ठेवत चालू दिलं. फोनवरचं सॉफ्टवेअर हा त्यातला सोपा भाग होता. एजंटाच्या गल्ल्यात रोकड संपली असती तर सगळी क्रांती संध्याकाळपर्यंत बंद पडली असती.

सॉफ्टवेअर निर्यातीच्या उद्योगावर तू एक अख्खं प्रकरण योजलं असशील, तर ते मी अर्ध्यावर आणेन. भारतात तो उद्योग मोठा आहे, परकीय चलन आणतो, एकूण उत्पन्नात सुमारे ७ टक्के वाटा आहे. पण माणसं ५०-६० लाखांच्या घरात, म्हणजे देशातल्या काम करणाऱ्या शंभरांत एक. कोस्टा रिकाने १९९७ च्या सुमारास संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचा कारखाना मिळवला, निर्यातीचं चित्रच पालटलं. २०१४ मध्ये कंपनीने तिथली जुळणी आशियात हलवली आणि सुमारे १,५०० नोकऱ्या एका घोषणेत गेल्या. तंत्रज्ञान बनवून मिळणारी वाढ आणि ते वापरून मिळणारी वाढ वेगळी ठेव. बहुतेक गरीब देशांच्या वाट्याला दुसरीच येणार आहे.

आणि हो, तंत्रज्ञान 'आलं' असं लिहिताना हात जरा आखडता घे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे २६० कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेर होती. श्रीमंत देशांत शंभरातले ९३ जण वापरत होते, सर्वांत गरीब देशांत २७.

आता कामाचं. शीर्षकातला 'विकसनशील देशांची' हा शब्द काढ. तेवढे देश एका प्रबंधात मावत नाहीत, तुझ्या तर नाहीतच. एक तंत्रज्ञान, एक काम, एक जागा घे. किनाऱ्यासारखं टप्प्याटप्प्याने आलेलं काहीतरी शोध, म्हणजे तुलना आपोआप मिळेल. आफ्रिकेच्या समुद्रातल्या केबलींवर असंच काम झालंय, योर्ट आणि पोल्सन यांचं, २०१९ चं; १२ देश. वेगवान इंटरनेट पोचलं तिथे रोजगार वाढला आणि तो शेजारच्या गावातून पळवलेला नव्हता, असं त्यांना दिसलं. त्यांची मांडणी वाचून तुझ्या हाताला झेपेल एवढी लहान कर. नंतर स्वतःला तीन गोष्टी विचार. या यंत्राने नेमका कुठला खर्च उडाला, शोधण्याचा, पाठवण्याचा, की तपासण्याचा? ज्याचा उडाला त्याला मोकळ्या हाताने वेगळं काही करता आलं का? आणि जुनं काय बंद झालं? तिसरा प्रश्न मला कुठल्याच विद्यार्थ्याच्या प्रश्नावलीत सापडत नाही.

तो तुला आत्याकडून शिकता येईल. सरांना न सांगता एक वही घे आणि तिच्याशेजारी बस. खतावणी लिहिणं कुठल्या साली बंद झालं, ते विचार. बंद करायचा कागद कुणाच्या सहीने निघाला, आणि तो निघायला कॉम्प्युटर आल्यापासून किती वर्षं लागली? मग हे विचार की खतावणी लिहिणारे जे हात त्या दिवशी मोकळे झाले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलं काम दिलं. ती काय म्हणाली ते मला कळव. मला खरंच ऐकायचंय.

– तुझी ताई